आंबटओलं म्हणजे नक्की किती ओलं?

सातरस्ता

यंदाच्या गड्ड्यातली, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली गोष्ट. पहिला मान यण्णीमज्जनाचा, म्हणजे लिंगांना तेलाचा अभिषेक. आदल्या रात्री लक्षात आलं की बाराबंदी कपाटात वर्षभर पडून पिवळी झालीये. धुतली, पिळली, गच्चीवर टाकली. (बाहेरच्यांसाठी: सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाबरोबर चालणारे पांढरी बाराबंदी घालतात. नावाप्रमाणे बंद भरपूर, आणि बंद शिवलेत तिथं कापड दुहेरी-तिहेरी.) सकाळी आईनं काखेतली शिवण चिमटीत धरली आणि म्हणाली, "आंबटओली आहे रे अजून. इस्त्री फिरव."

पुण्याहून आठ वर्षांची भाची आलेली. ती बाराबंदीपाशी गेली आणि कुणाचं लक्ष नसताना बाहीला जीभ लावून आली. "आज्जी, आंबट नाहीये."

घरात हसून हसून पुरेवाट झाली, पण नंदीध्वजामागं चालताना दिवसभर तेच डोक्यात. आंबट का? ओलं कळलं, ओलसर कळलं, ही चिंच मध्येच कुठून आली? आणि दुसरं म्हणजे आपलं सोलापूर. उन्हाळ्यात टॉवेल दोरीवर टाकून मागं वळेपर्यंत वाळतो. अशा गावाला 'जरासं ओलं' यासाठी वेगळा शब्द लागतोच कशाला?

जाणकारांनी सांगावं. अजाणकारांनीही सांगावं, त्यांचं जास्त वाचलं जातं.

काय_बे

भाची हुशार हाय की! प्रयोग करून बघितली, तुमच्यासारखं धागा काढत बसली न्हाई.

आमच्या घरात आंबटओलं-बिंबटओलं कोण म्हनत न्हाई. "वाळलं का?" "वाळूलालंय." विषय संपला.

माडावरून

मी रत्नागिरीची, लग्न होऊन सोलापुरात आले त्याला एकवीस वर्षं झाली. आंबटओलं हा आमचा रोजचा शब्द हो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपडा वाळत नाही, तो फक्त आंबटओला होतो आणि तसाच अंगावर चढतो. चुलीवरच्या दांडीला शाळेचा युनिफॉर्म टांगायचा, सकाळी तो धुरकट आणि आंबटओला मिळायचा. माझं गणित सोपं आहे: असा कपडा दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो, म्हणून आंबटओला.

सासूबाईंनी पहिल्या पावसाळ्यात मला विचारलं होतं, "तुमच्याकडं कपड्याची चव बघतात का?" म्हणजे सातरस्ता, तुमची भाची पहिली नाही.

नवीपेठ

माडावरून ताई, त्या वासाला आपण कुबट म्हणतो. आंबट वास ताकाला, पिठाला, आंबलेल्या भाताला. ओल्या कपड्याला कुबट. वासावरून नाव पडलं असतं तर 'कुबटओलं' झालं असतं.

रसायनकाका

नवीपेठ, नाकाला फसू नका. न वाळलेल्या कपड्यांच्या वासामागं एक जिवाणू मुख्य असतो, मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. जपानी संशोधकांनी हा उलगडा केला. तो कपड्यावरचा घाम आणि तेलकटपणा खाऊन जे तयार करतो त्याचं नाव ४-मिथिल-३-हेक्झेनोइक आम्ल. शेवटचा शब्द वाचा. आम्ल. एकदा कपडा खडखडीत वाळला तरी हा जंतू तग धरून राहतो आणि पुन्हा ओल मिळाली की कामाला लागतो. म्हणूनच धुतलेला टॉवेल अंग पुसताच पुन्हा वास मारतो.

तेव्हा ताईंच्या म्हणण्याला रसायनशास्त्राचा पाठिंबा आहे. शब्द त्यावरूनच आला का, ते भाषावाल्यांनी बघावं.

काळीमाती

मंगळवेढ्याकडची आहे, घरची शेती, मी स्वतः शाळेत शिकवते. आंबट वासाचं मला काही पटत नाही. आमच्याकडे 'आंब' चवीला नाही, पाण्याला लागतो.

ऊस लावला किंवा भाजीची रोपं लावली की तीन-चार दिवसांनी एक हलकं पाणी देतात, त्याला आंबवणी म्हणतात. त्याच्या पुढच्या पाण्याला चिंबवणी. चिंब म्हणजे चिंब हे सगळ्यांना माहीत आहे. मग आंब म्हणजे त्याच्या अलीकडचं, थोडकं. शेवटचं 'वणी' म्हणजे पाणीच, जसं गुळाचं पाणी ते गुळवणी. गुरांना कोंडा-पेंड भिजवून देतात ते आंबोण. त्यात काय आंबट असतं? काही नाही. ओलं असतं.

मला तरी आंबटओलं हे आंबवणीच्या घरातलं वाटतं. चिंब व्हायच्या आधीचं ओलं.

प्राकृतवाला

वा काळीमाती ताई, आंबवणी मी विसरूनच गेलो होतो. आजोळी ऐकलेला शब्द आहे.

आधी जे पक्कं आहे ते सांगतो, म्हणजे 'ओलं'. संस्कृत आर्द्र. बाराव्या शतकात हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात या एका शब्दासाठी वेगळं सूत्र आहे: आर्द्रचा पहिला 'आ' विकल्पानं 'उ' किंवा 'ओ' होतो. म्हणून उल्ल, ओल्ल. आणि झाला नाही तर अल्ल, अद्द. आपण त्यातला ओल्ल उचलला. पण गंमत अशी की अल्लही सोडला नाही. आर्द्रक म्हणजे ओला कंद, त्याचं झालं आलं. म्हणजे चहात टाकतो ते आलं आणि दोरीवरचं ओलं ही सख्खी भावंडं. वाळवलं की त्याचं नाव बदलून सुंठ होतं, कारण मग ते 'ओलं' राहिलेलं नसतं. आर्द्रा नक्षत्र हे तिसरं भावंड, ते मात्र संस्कृत शाळेतच राहिलं.

आता आंबट. इथं 'ट' कडे बघा. मळकट, तेलकट, धुरकट, काळपट, खारट, तुरट, ओशट. मराठीत हा 'ट' बहुतेक वेळा 'पूर्ण नाही, पण छटा आहे' असं सांगतो. मळकट म्हणजे मळलेलं नव्हे, मळाकडे झुकलेलं. आंबट हा शब्द आता आपण पूर्ण चवीसाठी वापरतो खरा, पण रचना छटेचीच आहे. आंब + ट, आणि त्याला ओलं जोडलं. ताईंचा आंब घेतला तर अर्थ होतो 'पाण्याची छटा असलेलं ओलं'. मला हा अर्थ चवीपेक्षा जास्त पटतो.

माडावरून

पण मग आंबट हा शब्द आम्ही चवीसाठी आणि कपड्यासाठी एकाच तोंडानं कसा वापरतो? बोलणारीच्या मनात चिंच असतेच ना.

प्राकृतवाला

असणारच. शब्दाचा उगम आणि शब्दाची आजची संगत या दोन वेगळ्या गोष्टी, ताई. तुमच्या नाकानं त्याला नंतर दुजोरा दिला म्हणून तो टिकला, असंही म्हणता येईल. रसायनकाकांचं आम्ल तुमच्या बाजूला आहेच.

नवीपेठ

बरं, मग दमट? हा तरी सरळ इंग्रजीतला आहे. डॅम्प, दमट. गोरा साहेब मिलमध्ये म्हणाला असेल, कामगारांनी उचलला.

प्राकृतवाला

नाही हो. डॅम्प उचलला असता तर शेवटी 'प' राहिला असता. पंपाचा आपण पम्मट केला नाही. दमट हा वर सांगितलेल्या 'ट' कुटुंबातलाच. दम + ट. दम फारसी, श्वास, वाफ. बिर्याणीला दम देतात तो. हवेत वाफ भरून राहिली की ती दमट.

इंग्रजी डॅम्पची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. तोही मुळात वाफेचाच शब्द. जर्मनमध्ये डाम्फ म्हणजे आजही वाफ. इंग्रजीत आधी तो खाणीतल्या विषारी हवेसाठी वापरत, खाणीत पेट घेणाऱ्या मिथेनला अजूनही फायरडॅम्प म्हणतात. ओलसर हा अर्थ मागाहून आला. म्हणजे दोन भाषा वेगवेगळ्या वाटेनं वाफेवरून ओलीवर पोचल्या, आणि योगायोगानं दोघींच्या तोंडी 'दम' आला.

काळीमाती

वाफेवरून ओलीवर? मग आमचा वाफसा विसरलात! बाष्प, बप्फ, वाफ, वाफसा.

शहरातल्यांसाठी सांगते. पाऊस झाला की लगेच रानात जाता येत नाही. काळी माती, पाय घातला की चप्पल तिथंच राहते. दोन-चार दिवस थांबायचं. वरचं पाणी मुरतं, मातीच्या पोकळ्यांत पाणीही असतं आणि हवाही शिरते. मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा, हातातून सोडायचा. चिखलासारखा थापला तर थांबा. खाली पडून फुटला तर वाफसा आला, पेरायची पाभर जुंपा. उशीर केला तर मुठीत गोळाच होत नाही, मग ओल मोडली. या दोन्हीच्या मधले दिवस फार थोडे असतात. वर्षाचं पोट त्या दिवसांवर असतं.

आमची ज्वारी रब्बीची. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतो, त्यापुढे पाऊस पडेलच असं नाही. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या केंद्रातलं, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं, आणि ते लोकांनी इतकी वर्षं धरून ठेवलं ते याचसाठी: जमिनीत साठलेल्या ओलीवर येतं. म्हणून ओलीचे इतके बोल. ओल धरली, ओल उडाली, ओल खाली गेली. वरच्या पावसाची ओल खालच्या जुन्या ओलीला जाऊन भिडली की वडील म्हणायचे, "ओलीला ओल भिडली," आणि त्या दिवशी घरात कुणाला रागवत नसत. पुढं जमिनीला भेगा पडू लागल्या की कोळपं घालून त्या बुजवायच्या, म्हणजे आतली ओल उडत नाही. एक कोळपणी अर्धं पाणी, असं म्हणतात ते उगाच नाही.

सातरस्ता, तुम्ही विचारलंत ना, कोरड्या मुलखाला असे शब्द लागतात कशाला. ज्याच्याकडे कमी असतं तोच मोजतो हो.

माडावरून

हे मात्र खरं. आमच्याकडे पाऊस मोजत नाही, वैतागतो.

धोटा

'धागा' लिहिलेलं दिसलं म्हणून आत आलो, तर इथं कपडे वाळत घालणं चाललंय. चालायचंच. कापड आधी धागा असतं, तेव्हा आमचंही ऐका.

चादरीच्या कारखान्यात उभा जन्म गेला. आधी हातमागावर वडलांबरोबर, मग यंत्रमागावर जॉबर. सुताला कोरडं सोसत नाही. मार्च लागला की ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, पटापट तुटायला लागतो. एक टोक तुटलं की माग थांबव, गाठ मार, चालू कर. तेवढ्यात पलीकडचा माग थांबतो. मग फरशीवर पाणी मारायचं, खिडक्यांना ओली पोती लावायची. कापसाच्या सुताची खुबी ही की ओलं झालं की त्याची ताकद वाढते. लोकरीचं उलटं. हे मला कुणी पुस्तकात शिकवलं नाही, पण पुस्तकातही तेच आहे म्हणतात.

मोठ्या मिलमध्ये तर हवेत पाणी फवारायची यंत्रणाच असायची. सोलापुरात १८७७ ला पहिली मिल आली, आपण जिला जुनी मिल म्हणतो ती. तिच्यात राबलेल्या माणसांकडून लहानपणी ऐकलंय की विणाई खात्यातून बाहेर पडलं की मे महिन्यातली लू गार वाटायची, आत इतकं कोंदट आणि दमट.

आणि पैशाचं गणित सांगतो, ते तर कुणीच काढलं नाही. सूत किलोवर विकतात. सूत हवेतलं पाणी पितं. मग पाण्याचे पैसे कुणी द्यायचे? म्हणून व्यापारात ठरवून टाकलंय: हाडकोरड्या १०० किलो कापसात साडेआठ किलो पाणी धरायचं. १०८.५ किलोला माल 'बरोबर'. त्यापुढचं पाणी म्हणजे फसवणूक. आमचे एक जुने दलाल सुताचा कोन हातात घेऊन, न मोजता, "ह्यात पाणी विकूलालाय मालक" म्हणायचे. आणि चुकायचे नाहीत.

आता तुम्हीच सांगा, एवढं पाणी असलेल्या सुताला काय म्हणायचं? कोरडं. सगळे कोरडंच म्हणतात! तुमचं आंबटओलं त्याच्या पुढं सुरू होतं.

काय_बे

धोटाकाका, एक नंबर. म्हंजे मी घातलेल्या खडखडीत वाळलेल्या शर्टातबी पाणी हाय? आई उगाच वरडत हुती.

पूर्वभाग

धोटाकाकांनी मागाचं सांगितलं, मी घराच्या दुसऱ्या कोपऱ्यातलं सांगते. आमच्या पूर्व भागात घरटी माग असला तर शेजारी सूप असतंच. आई बिडी वळायची.

तेंदूचं पान कारखान्यातून येतं ते कडक वाळलेलं. तसंच कापायला गेलात तर चुरा. म्हणून आधी पाण्यात भिजवायचं, पाणी झटकायचं, ओल्या फडक्यात किंवा पोत्यात गुंडाळून ठेवायचं. मग पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं. पान कमी मुरलं तर वळताना शिरेवर फाटतं. जास्त ओलं राहिलं तर आतली तंबाखू भिजते, बिडी काळी पडते आणि कारखान्यात छाटणीत बाजूला जाते. हजार बिड्यांवर मजुरी, छाटलेल्यांचं नुकसान आपलं. आई पानांच्या गठ्ठ्यात हात घालायची आणि म्हणायची, "मेत्तगा अयिंदि." मऊ झालं. एवढंच. तेलुगूत ओलीला शब्द आहेत, तडि आहे, चेम्म आहे, भिंतीला आली तर चेम्म. पण पानाला ती कधी ओलं म्हणाली नाही. मऊ.

तुमचा धागा वाचून मी आज तिला विचारलं, मराठीत ह्या पानाला काय म्हणशील, आंबटओलं? ती म्हणाली, "छे. आंबटओला कपडा वाळायचा राहिलेला असतो. पान काय वाळायचं राहिलंय? त्याला मी ओलं केलंय."

सातरस्ता

थांबा थांबा. पूर्वभाग ताई, तुमच्या आईनं माझा अख्खा प्रश्न उलटा करून टाकला.

आपण इतका वेळ 'किती ओलं' हे मोजत बसलोय. शीर्षकही तेच दिलं मी. पण त्या म्हणतात ते बघा: कुठून कुठं निघालंय? आंबटओलं फक्त त्यालाच म्हणतात जे भिजलेलं होतं आणि वाळायच्या वाटेवर आहे. पावसाच्या हवेनं कडक भाकरी मऊ पडली तर तिला कुणी आंबटओली म्हणत नाही. ती सादळली. पापड सादळतो, काडेपेटी सादळते, दिवाळीतले उरलेले फटाके सादळतात. म्हणजे जे कोरडं असणं अपेक्षित होतं आणि ज्यानं नकळत पाणी घेतलं. पाणी दोन्हींत तेवढंच असेल, एक घरी परत चाललंय आणि एक वाट चुकलंय. कपडा कधी सादळत नाही, पापड कधी आंबटओला होत नाही.

वाफसाही तसाच. ओल्याकडून बेताच्या ओलीकडे. उलट, कोरड्या रानावर चार थेंब पडले आणि माती तेवढीच ओली झाली तर त्याला वाफसा म्हणता का, काळीमाती ताई?

काळीमाती

मुळीच नाही. त्याला धूळ बसली म्हणतो.

किल्लाबागेजवळ

हमारे घर में पापडां के लिए 'सील गए' बोलते. सादळले म्हणजे तेच. आमची दखनी, अम्मीची भाषा. दीवारां में सील आगई, पापडां सील गए, बिस्कुटां सील गए. भिंतीला आणि पापडाला एकच शब्द. सातरस्ता भाईंचा नियम आमच्याकडं थोडा सैल आहे, पण धुतलेल्या कपड्याला आम्हीही 'सील गया' म्हणत नाही, तो 'गीलाच' राहतो वाळेपर्यंत.

प्राकृतवाला

किल्लाबागेजवळ, तुमचा सीला म्हणजे संस्कृत शीतल. थंड. आणि मराठीत ओलसर भिंतीला, जमिनीला आपण 'सर्द' म्हणतो, तो फारसी, त्याचाही अर्थ थंड. सर्दी त्यातलीच. दोन वेगळ्या भाषांतले दोन 'थंड' शब्द इथं येऊन 'ओलसर' झाले. वाफेवरून एक वाट, थंडीवरून दुसरी.

अक्कलकोटी

तिसरी वाट आमच्याकडून घ्या. घरी कानडी. आम्ही ओल्या कपड्याला हसी अरबी म्हणतो. आणि हिरव्या मिरचीला हसी मेणसिनकाई. हसी म्हणजे कच्चं, ताजं, हिरवं आणि ओलं, सगळं एकाच शब्दात. लहानपणी मराठी शाळेत मी गुरुजींना सांगितलं होतं, "शर्ट कच्चा आहे." वर्ग अजून हसतोय.

माडावरून

अहो अक्कलकोटी, मग आम्ही काय वेगळं करतो? ओलं खोबरं, ओले काजू, ओली हळद, ओल्या शेंगा, ओला चारा. ह्यातलं काय पाण्यात बुडवलेलं असतं? ओलं म्हणजे अजून वाळलेलं नाही ते, ताजं. गुरुजींना ओले काजू खायला घालायला हवे होते.

नवीपेठ

भिंतीचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं. जुनं घर आहे, दगडी पाया, खालच्या खोलीत जमिनीपासून कमरेपर्यंत भिंत कायम सर्द. वर माळवद होतं ते कधीच काढून स्लॅब टाकला. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी पैसे घेऊन महागडा रंग मारून दिला, सहा महिन्यांत फुगून पापुद्रे आले. ही ओल वरून येत नाहीये मग कुठून?

रसायनकाका

खालून. भिंतीतली बारीक छिद्रं दिव्याच्या वातीसारखी जमिनीतलं पाणी वर ओढतात. कमरेपर्यंतच का, तर तिथं चढणारं पाणी आणि उडून जाणारं पाणी यांची बरोबरी होते. पाणी उडतं, त्यातले क्षार मागं राहतात, पांढरी पूड दिसते. तिला आपले लोक लोणा लागला म्हणतात. लवण, लोण, लोणा. रंगानं तुम्ही त्या पाण्याची बाहेर पडायची वाट बंद केलीत, म्हणून त्यानं रंगच ढकलला. आधी सगळा गिलावा खरवडून भिंतीला श्वास घेऊ द्या, चुन्याचा गिलावा करा, आणि बाहेरच्या बाजूनं पाया भिजतोय का बघा. बऱ्याचदा मोरीचं नाहीतर पन्हाळीचं पाणी तिथंच मुरत असतं.

नवीपेठ

मोरी तिथंच आहे. धन्यवाद. धागाकर्ते माफ करा, तुमच्या धाग्यात माझी मोरी सोडली.

सातरस्ता

हरकत नाही, ओलीचाच विषय आहे.

आज आईला विचारलं, कपडा आंबटओला आहे हे तुला नेमकं कसं कळतं. मला वाटलं चिमटीत धरून. ती म्हणाली, चिमटीत फक्त शिवण बघायची. नाहीतर गालाला लावायचा. भांडी घासून हाताला काही कळत नाही, गालाला कळतं.

पूर्वभाग

माझी आई पान ओठाला लावून बघायची! हे मी पार विसरले होते.

रसायनकाका

दोघीही बरोबर, आणि प्राकृतवाल्यांच्या 'सर्द' आणि 'सीला' चं उत्तर यातच आहे. माणसाच्या कातडीत ओल ओळखणारी वेगळी यंत्रणाच नाही. गरम कळतं, थंड कळतं, स्पर्श-दाब कळतो. ओलं कळत नाही. पाणी उडताना कातडीची उष्णता घेऊन जातं, तो गारवा आणि कापडाचं चिकटणं यांची बेरीज करून मेंदू ठरवतो की हे ओलं आहे. गाल आणि ओठ गारव्याला तळहातापेक्षा तरबेज. म्हणजे 'थंड' म्हणणाऱ्यानं काही चूक केली नव्हती. त्याला जे जाणवलं तेच तो बोलला.

काय_बे

काका, आता कळालं. थंडीत सकाळी गच्चीवरनं बनियन काढतो, ते गार हाय का आंबटओलं हाय ह्येच कळत न्हाई. वाळलंय म्हनून घालतो, दिवसभर शिंकतो. ओलं हाय म्हनून ठिवतो, तर आई म्हनती काल दुपारीच वाळलंय.

उद्यापासनं गालाला लावून बघतो. शेजारच्यांनी बघितलं तर तुमचं नाव सांगणार.